गरम झाली की बंद पडते

‘गरम झाली की बंद पडते.’ गॅरेजच्या दारात उभा राहून हे वाक्य म्हणणारा माणूस हमखास घामाघूम असतो, कारण त्याने गाडी ढकलत आणलेली असते. आणि ढकलत आणेपर्यंत ती थंड झालेली असते. मी किक मारतो, गाडी पहिल्या किकला चालू. मग तो माझ्याकडे बघतो, मी गाडीकडे बघतो. पंचवीसेक वर्षं जुन्या मोटरसायकलींची इलेक्ट्रिकची कामं करतोय, पण या क्षणाला काय बोलावं ते मला अजून सुचत नाही.

माझा गाळा भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांच्या रांगेत. डाव्या हाताला प्रेस, उजव्या हाताला बफिंग. दिवसभर ताटल्या, डबे, पातेली घासून चकचकीत होत असतात आणि ती काळी भुकटी माझ्या चहावर येऊन बसते. वर सिमेंटचा पत्रा. एप्रिलमध्ये दुपारी गाळ्यातला थर्मामीटर बेचाळीस दाखवतो, त्यात खाडीचा दमटपणा. इथे काम करणाऱ्या माणसाला उष्णतेबद्दल काही शिकवायची गरज नाही असं मला वाटायचं. ते एका येझदीने खोटं ठरवलं.

गाडी १९७९ ची रोडकिंग. मालक भाईंदर पश्चिमेचे, पश्चिम रेल्वेतून निवृत्त झालेले मोटरमन. मी त्यांना काका म्हणतो, ते मला मिस्त्री म्हणतात. त्यांची मुलगी घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहते आणि दर रविवारी सकाळी काका नातवाला भेटायला निघतात. काशीमिरा, वरसावे, गायमुखचा घाट आणि पलीकडे ठाणे. बसने जा, रिक्षाने जा, असं मुलगी सांगून थकली. काका म्हणतात, चौतीस वर्षं दुसऱ्यांनी घातलेल्या रुळांवरून गाडी चालवली, आता रविवारचा रस्ता माझा.

या गाडीला मूळचे पॉइंट होते, ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे. तीनेक वर्षांपूर्वी काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मग फिलर गेजची पात दिसेना आणि पॉइंटची फट लावणं जमेना. तेव्हा मीच त्यांना इलेक्ट्रॉनिक किट बसवून दिलं. उजव्या कव्हरखालचा डायनामो काढून तिथे नवीन मॅग्नेट, सोर्स कॉइल, पल्सर कॉइल आणि टाकीखाली सीडीआयचा काळा डबा. गाडी झकास चालली. पुढच्या पावसाळ्यात कव्हरमध्ये पाणी शिरून सोर्स कॉइल गेली, ती दुरुस्त झाली. मग पुन्हा सगळं सुरळीत. आणि मग मार्च उजाडला.

पहिल्या वेळी काका म्हणाले, वरसाव्याला चहाला थांबलो आणि नंतर चालूच होईना. मी प्लग बदलला. दुसऱ्या रविवारी परत तेच. एचटी कॉइल बदलली. तिसऱ्या वेळी मनाशी ठरवूनच टाकलं की डबा उष्णतेने जातोय, आणि सीडीआय नवीन घातली, काकांचे पैसे घेऊन. प्रत्येक वेळी गाळ्यात गाडी उत्तम चालायची. मीटर लावला की प्रत्येक कॉइलचा आकडा बरोबर. प्लग काढून इंजिनला टेकवला की निळी, टणक ठिणगी.

चौथ्या वेळी काका ढकलत आले तेव्हा काही बोललेच नाहीत. स्टुलावर बसले, पाणी प्यायले, रुमालाने मान पुसली आणि मग म्हणाले, “मिस्त्री, लोकलची मोटर तापून त्रास देत असेल ना, तर ती तापलेली असतानाच बघावी लागते. कारशेडला येईपर्यंत ती शहाणी झालेली असते.”

मला एवढी लाज आयुष्यात दोनदाच वाटली आहे. कारण हीच गोष्ट मला माझ्या चाचांनी वीस वर्षांपूर्वी शिकवली होती आणि मी ती पॉइंटच्या गाड्यांपुरतीच समजून ठेवली होती.

चाचा दापोलीकडचे. कुर्ल्याला सीएसटी रोडवर त्यांचं रिवायंडिंगचं छोटं दुकान होतं, मी तिथे कॉइल गुंडाळायला शिकलो. त्यांचं सगळं शास्त्र पॉइंट आणि कंडेन्सरवर उभं होतं. ही पद्धत तशी फार जुनी. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची रचना केली, ती १९१० च्या कॅडिलॅक मोटारीवर आली, आणि म्हैसूरच्या जावा-येझदीपासून मद्रासच्या बुलेटपर्यंत सगळ्यांनी तीच वापरली. पॉइंट उघडतात, कॉइलमधला प्रवाह एकदम तुटतो आणि प्लगला हजारो व्होल्टचा झटका बसतो. पॉइंटच्या तोंडाशी ठिणगी उडून ते जळू नयेत आणि प्रवाह झटकन तुटावा म्हणून शेजारी कंडेन्सर. हा कंडेन्सर म्हणजे धातूची पातळ पट्टी आणि कागद यांची गुंडाळी. थंड असताना ठणठणीत. तापला की आतला कागद गळायला लागतो, ठिणगी पिवळी पडते आणि गाडी बंद. अर्ध्या तासाने पुन्हा चालू.

चाचा कंडेन्सर कधी थंड तपासायचेच नाहीत. चालू गाडीच्या सायलेन्सरला तो तारेने बांधायचे, विडी संपेपर्यंत थांबायचे आणि मग फडक्यात धरून तपासायचे. “थंड मीटर खोटं बोलतं, बाळा,” असं म्हणायचे. त्यांच्या उमेदीच्या काळात ब्रिटिश गाड्यांचे मॅग्नेटो यायचे. त्यांच्या आर्मेचरला लाखेचा थर असायचा. हो, बांगड्यांचीच लाख. इंजिनाच्या उष्णतेने ती लाख मऊ पडायची, चिकट व्हायची, कधी कधी आर्मेचर भोवतीच्या धातूला चिकटून बसायचं. ते सोलून नव्याने गुंडाळताना चाचांच्या नखांत महिनाभर तो लालसर रंग राहायचा.

मग इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. परदेशात ५०० सीसीच्या कावासाकी एच १ वर ते १९६९ सालीच होतं. आपल्याकडे सामान्य माणसाला त्याची ओळख ऐंशीच्या दशकातल्या जपानी शंभर सीसी गाड्यांनी, खास करून १९८५ च्या आरएक्स १०० ने करून दिली. पॉइंट नाहीत, घासणारं काही नाही, टायमिंग हलत नाही. चाचांनी पहिला सीडीआयचा डबा हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, “हे उघडायचं कुठून?” उघडायचं नव्हतंच. आत काळं रेझिन ओतलेलं. तो डबा चाचांच्या मनात कायमचा परका राहिला, आणि माझ्या मनात तो देवासारखा बसला. देव आहे म्हटल्यावर एक तर त्याच्यावर भरवसा ठेवायचा, नाही तर सगळा दोष त्याला द्यायचा. मी दोन्ही केलं.

त्या रविवारी काका रिक्षाने घरी गेले, गाडी माझ्याकडे राहिली. रात्री गाळा बंद करून मी पहिल्यांदा शांत बसून विचार केला की या यंत्रात उष्णता नेमकी कोणाला सोसत नाही.

सीडीआयचं काम तसं सोपं आहे. सोर्स कॉइल दोन-तीनशे व्होल्ट तयार करते, ते डब्यातल्या कपॅसिटरमध्ये साठतात. पल्सर कॉइल योग्य वेळी इशारा देते, एससीआर नावाचा सिलिकॉनचा दरवाजा उघडतो आणि साठलेली वीज एचटी कॉइलमध्ये धाडकन रिकामी होते. त्यातल्या एससीआरचा पोटातला तुकडा साधारण १२५ अंश सेल्सिअसपर्यंत चालेल असा बनवलेला असतो. कॉइलच्या तांब्याच्या तारेवरचं इनॅमल प्रतीप्रमाणे १३०, १५५ किंवा १८० अंश सोसतं. नेहमीच्या कथलाच्या डाखाला वितळायला १८३ अंश लागतात. म्हणजे कागदावर पाहिलं तर भाईंदरच्या उन्हातच काय, इंजिनाच्या कव्हरखालीसुद्धा यातलं काहीच मरायला नको. इथेच मी आजवर चकलो होतो. प्रत्येक भागाचा आकडा वाचायचो आणि म्हणायचो, ‘सोसेल.’ भाग सोसतात हो. पण दोन भागांमधला सांधा काय सोसतो, ते कुठल्या कागदावर छापलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडवरून लांब वायरचा थर्मामीटर आणला. त्याचं टोक उजव्या कव्हरच्या आत, कॉइलच्या शेजारी चिकटवलं, वायर टाकीवरून काढून आकड्यांची डबी हँडलला बांधली, आणि दुपारी दोन वाजता मी स्वतः काकांच्या रस्त्याने निघालो. मेट्रोच्या खांबांमधून काशीमिऱ्यापर्यंत जाईतो पंचावन्न झाले. हायवेला लागल्यावर गाडी पन्नाशीच्या वेगात पळत होती तेव्हा आकडा बासष्टवर थांबला, कारण वारा लागत होता. वरसाव्याला गुजरातकडून येणाऱ्या ट्रेलरांच्या मागे रांगेत अडकलो, दहा-बारा मिनिटं पहिल्या गिअरमध्ये, आणि आकडा एकोणऐंशीवर गेला. पण गाडी बंद पडली नाही. मला जवळजवळ निराशाच वाटली.

मग काकांसारखाच टपरीवर थांबलो. इंजिन बंद केलं. चहा घेतला. आणि आकडे बघून मला चहाचा घोट गिळायचं भान राहिलं नाही. ब्याऐंशी. पंच्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. इंजिन बंद, आणि कव्हरच्या आतला ताप चढत होता!

खरं तर यात नवल नाही. सिलिंडर आणि हेड दीडशेच्या वर तापलेले असतात. गाडी पळते तोवर ती उष्णता वारा घेऊन जातो. गाडी थांबली की वारा थांबतो, आणि हेडमधला साठा धातूतून खाली, केसिंगमध्ये, कव्हरमध्ये पसरतो. अकराव्या मिनिटाला आकडा एक्क्याण्णववर जाऊन टेकला आणि मग हळूहळू उतरू लागला. मी किक मारली. येझदीची किक म्हणजे गिअरचाच दांडा, आत दाबून वर वळवायचा आणि मग मारायची. पंधरा वेळा मारली. निपचित. गाडी मुडद्यासारखी पडली होती आणि मी टपरीवाल्याकडे बघून हसत होतो. तो बहुधा घाबरला असेल.

तेव्हापासून माझं एक मत झालंय: या जुन्या गाड्या रस्त्यावर तापत नाहीत, थांबल्यावर तापतात. ज्या काळात त्या बनल्या त्या काळात म्हैसूरच्या रस्त्यांवर त्या चालत राहायच्या. आपण त्यांना सिग्नलला, टोलला, खड्ड्यांशी, खांबांखाली उभं करतो.

टपरीवर तसंच उभं राहून मी सोर्स कॉइलची वायर सुटी केली आणि मीटर लावला. मीटरने काही दाखवलंच नाही. कॉइल तुटलेली. गाळ्यात पोचेपर्यंत ती पुन्हा सांधलेली. मी वाटेत दोनदा थांबून बघितलं, गाडी ढकलत आणताना. त्या दिवशी काकांनी चार वेळा काय सोसलं ते गुडघ्यांना कळलं.

आता मला ती कॉइल टेबलावर तापवून बघायची होती. हेअर ड्रायरने एक बाजू भाजते आणि दुसरी थंड राहते, हे आधीही अनुभवलं होतं. शेजारच्या भांडेवाल्याकडून मोठा स्टीलचा डबा मागून आणला, पॉलिशचा डाग राहिलेला म्हणून बाजूला टाकलेला. झाकणाला भोक पाडलं, आत जुन्या पद्धतीचा शंभर वॉटचा बल्ब, वर जाळी, जाळीवर कॉइल, शेजारी थर्मामीटरचं टोक. बल्ब लावायचा आणि झाकण कमी-जास्त सरकवून ताप सांभाळायचा. भांडेवाल्याचा पोरगा येऊन विचारून गेला, “काका, काय शिजतंय?”

सुरुवातीला तीस अंशांना मीटरवर ३१० ओहम. डबा तापू लागला तसा आकडा वाढू लागला. इथे बरेच मेकॅनिक फसतात आणि कॉइल फेकून देतात. तांब्याचा हा स्वभावच आहे. दर अंशाला त्याचा अडथळा साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो. म्हणजे तीसवरून नव्वदवर गेलं की ३१० चे ३८० च्या वर जायलाच हवेत, आणि तो आजार नाही. साठ अंशांना ३४६ आले, अगदी हिशेबाप्रमाणे. सत्तरला ३५८. आणखी तापल्यावर आकडा एकदम नाहीसा झाला. बल्ब बंद केला. सहासष्टला परत आला. पुन्हा तापवली, पुन्हा त्याच तापाला गेली. आठ वेळा केलं, आठही वेळा तेच. अशी वक्तशीर बिघडलेली वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

मग ब्लेड घेऊन कॉइल हळूहळू सोलली. आतली तार सगळी चांगली. इनॅमल कुठे जळलेलं नाही. तार जिथे संपते आणि जाड वायरला जोडली जाते तिथे डाख दिला होता. भिंग लावून पाहिलं. तारेवरचं इनॅमल नीट खरवडलेलं नव्हतं, डाखाने तारेला घट्ट धरलंच नव्हतं, नुसतं टेकलं होतं. आणि ती तार प्लॅस्टिकच्या रिळावरून ताणून आणलेली, जराही सैल नाही. प्लॅस्टिक तांब्यापेक्षा चार-पाच पट जास्त फुगतं. पंचवीस मिलीमीटरचं रीळ साठ अंश तापलं तर त्याच्या आणि तारेच्या लांबीत जो फरक पडतो तो एक दशांश मिलीमीटरही भरत नाही. केसाच्या जाडीएवढा म्हणा. तेवढ्याने ती टेकलेली तार डाखातून निसटत होती. रीळ थंड होऊन आकसलं की पुन्हा टेकत होती.

ती कॉइल पावसाळ्यात मीच गुंडाळली होती.

मला ते गुंडाळणं आठवतंही. गणपतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, घरून फोनवर फोन, मखर अजून लावायचं होतं. इनॅमल खरवडायला ब्लेड न घेता मी लायटरने जाळलं होतं. डाख चकाकला होता, मीटरने आकडा बरोबर दिला होता. थंड मीटरने.

काकांना फोन करून सांगायला मला दोन दिवस लागले. सीडीआयच्या डब्याचे पैसे परत देतो म्हणालो. ते म्हणाले, पैशाचं नंतर बघू, आधी तो सांधा दाखवा. आले, भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघत बसले. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तो दिसला की नाही कोण जाणे. म्हणाले, “एवढंसं?”

नवीन कॉइल मी तीन दिवसांत गुंडाळली, एरवी तीन तासांचं काम. १८० अंशांची तार घेतली. टोकाचं इनॅमल ब्लेडने चारही बाजूंनी खरवडलं, तांबं गुलाबी दिसेपर्यंत. सांध्याआधी एक सैल वळसा ठेवला, फुगायला-आकसायला जागा म्हणून. जाड वायर दोऱ्याने रिळालाच बांधली, म्हणजे ओढ सांध्यावर न येता दोऱ्यावर येईल. वरून इपॉक्सी, पण झटपट सुकणारं नव्हे, रात्रभर घेणारं. मग डब्यात बल्बखाली तापवणं आणि पंख्याखाली थंड करणं, असं वीस वेळा. आकडा हिशेबाच्या बाहेर एकदाही गेला नाही.

मग टाकीखालचा सीडीआयचा डबाही काढला. तो बिचारा निर्दोष होता, बल्बच्या डब्यात पंच्याऐंशीला अर्धा तास ठेवून पाहिला, काही झालं नाही. पण टाकीखाली, हेडच्या बरोबर वर, तापलेली हवा साठते त्या जागी त्याला मी केवळ वायर पुरत होती म्हणून कोंबला होता. आता तो बाजूच्या टूलबॉक्समध्ये रबरावर बसलाय, वायर वीतभर लांब करून. हा हलगर्जीपणा जवळजवळ प्रत्येक गाडीत दिसतो. माणूस किटला हजारो रुपये घालतो आणि जागा मात्र दिसेल ती.

याचा अर्थ डबा कधीच दोषी नसतो असं नाही. मीरा रोडचा एक पोरगा आरएक्स घेऊन आला होता, त्याने कुठूनसा स्वस्तातला नकली डबा लावला होता. त्याची गाडी बंद पडायची नाही, पण तापली की मिसिंग करायची, सायलेन्सरमधून फटाके वाजायचे. सिलिकॉन तापलं की एससीआर उतावीळ होतो. त्यातून थोडी वीज गळायला लागते आणि थोड्याशाच इशाऱ्याने तो उघडतो, इशारा खरा असो की शेजारच्या वायरचा गोंगाट. चांगल्या डब्यात याची सोय केलेली असते, त्या डब्यात नसावी. माझ्या बल्बखाली पासष्टलाच तो बावचळला. पोराला मात्र ते फटाके आवडायचे. दुरुस्त केल्यावर म्हणाला, आवाज गेला यार.

उत्तनकडच्या गाड्यांचं दुखणं आणखी निराळं. तिथे समुद्राच्या खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडतात. हिरवा पडलेला सांधा वीज अडवतो, अडवलेली वीज तिथेच उष्णता होते आणि वायर आतून भाजत जाते. मासळी वाहणाऱ्या एका अंकलची बुलेट दरवर्षी पावसाळ्यानंतर येते आणि मी फक्त सगळे कनेक्टर घासून ग्रीस भरतो. त्यांनी अजून पॉइंट काढलेले नाहीत, आणि मी त्यांना काढा म्हणतही नाही. पॉइंट आजारी पडले तर आधी खोकतात: किक जड जाते, पिकअप कमी होतो, माणसाला आठवडाभर आधी कळतं. इलेक्ट्रॉनिक मरतं ते न सांगता मरतं. शहरात रोज फिरणाऱ्याला, आणि राजदूत ३५० सारख्या दोन सिलिंडर, दोन पॉइंटच्या गाडीला, इलेक्ट्रॉनिक नक्की घाला. पण कोकणात एकटं जाणार असाल तर मला विचारू नका, मी पॉइंट म्हणेन. आणि उत्तनच्या अंकलना तर मी काही म्हणणारच नाही, ते बोंबील देतात.

मध्यंतरी एकाने विचारलं, की २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेजची ‘व्हीए’ नंबर प्लेट मिळते, तर काकांची रोडकिंग त्यात बसेल का. एकोणऐंशीची, म्हणजे थोडी वर्षं बाकी आहेत. शिवाय त्या नोंदणीत गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग रविवारी नातवाकडे प्लेट घेऊन जाऊ का?

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी काकांबरोबर निघालो. मागे बसलो, म्हणजे वजनही वाढलं, इंजिन आणखी तापलं. मुद्दाम साडेबाराला निघालो. वरसाव्याला रांग होतीच. गायमुखच्या घाटात एक कंटेनर बंद पडला होता, त्याच्या मागे वीस मिनिटं. काकांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि मी त्यांच्या खांद्यावरून हँडलच्या आकड्यांकडे बघत होतो. त्र्याऐंशी.

घाट उतरून टपरीवर थांबलो. काकांनी चावी फिरवली. चहा सांगितला. आम्ही दोघंही गाडीकडे तोंड करून बसलो, मुलीच्या लग्नात मांडवाकडे बघत बसतात तसे. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. त्र्याण्णव, म्हणजे त्या दिवसापेक्षाही दोन जास्त. त्र्याण्णववर आकडा थांबला तसे काका उठले, दांडा आत दाबून वर वळवला आणि किक मारली.

चालू झाली. पहिल्या किकला, दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर सोडत.

मी उठून हेल्मेट घेतलं. काकांनी ॲक्सिलरेटर दोनदा पिळला, कान देऊन आवाज ऐकला, आणि चावी बंद केली. परत येऊन बाकावर बसले.

“अजून दोन कटिंग,” त्यांनी टपरीवाल्याला सांगितलं. “अजून दहा मिनिटं बघू, मिस्त्री.”